सूर तेच, पट्टी वेगळी : मिडी ट्रॅकचा प्लेबॅक कसा जुळवावा

कनिष्ठ महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाला चार दिवस उरले आहेत. संगीताच्या सरांनी रात्री जागून एका भावगीताची साथ संगणकावर बसवली आहे. हार्मोनियम, बास, स्ट्रिंग्ज, ढोलकी आणि मधल्या म्युझिकला बासरी. गाणारा मुलगा काळी एकमध्ये गातो, म्हणून सगळी साथ काळी एकची. नेमका आताच त्याचा घसा बसतो. गाणे येते एका मुलीकडे आणि तिची पट्टी काळी पाच.

असा प्रसंग कुठल्याही शाळेत, भजनी मंडळात किंवा गणेशोत्सवाच्या मंडपात येऊ शकतो. नवशिका अशा वेळी दोनपैकी एक वाट धरतो. एक तर सगळे पुन्हा वाजवायला बसतो, नाही तर पियानो रोल उघडून सगळे स्वर एकदम निवडतो आणि माऊसने उचलून वर-खाली सरकवतो. दुसऱ्या वाटेने काम झटपट होते खरे. पण ढोलकीचे बोल बदलतात, बास गाळात जातो आणि मुळात काय वाजवले होते याचा माग उरत नाही. यातले काहीच करायची गरज नसते. सिक्वेन्सरमध्ये प्रत्येक मिडी ट्रॅकच्या बाजूला काही छोटे रकाने असतात: पट्टी इतकी वर, आघात इतका कमी, वेळ इतकी आधी. हे रकाने मूळ नोंदीला हात लावत नाहीत. नोंद वाजताना वाटेत बदलून पुढे जाते. रकान्यात शून्य लिहिले की मूळ वाजवणे होते तसे परत मिळते.

ही सोय मिळते ती मिडीच्या स्वभावामुळे. मिडीच्या ट्रॅकमध्ये आवाज नसतोच, आज्ञा असतात. 'अमुक चॅनेलवर, अमुक स्वर, इतक्या जोराने दाब' एवढे तीन बाइट्समध्ये सांगितलेले असते. स्वराला ० ते १२७ मधला एक आकडा, जोराला तसाच एक आकडा, चॅनेल एकूण सोळा. जपानच्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेतल्या सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांच्या पुढाकाराने ही भाषा ठरली. जानेवारी १९८३ मध्ये नॅम या वाद्यप्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्ये एका केबलने एकमेकांशी बोलली. या कामासाठी २०१३ मध्ये दोघांना टेक्निकल ग्रॅमी मिळाले. चाळीस वर्षांनंतरही गावातल्या स्टुडिओतला कीबोर्ड आणि संगणक तीच भाषा बोलतात. ट्रॅकमध्ये आकडे आहेत, म्हणून त्यांत बेरीज-वजाबाकी करता येते. ध्वनिमुद्रित आवाज नऊ पट्ट्या वर ताणला तर तो चिरका होतो. मिडीतल्या आकड्यात नऊ मिळवले तर वाद्य तो वरचा स्वर नव्याने वाजवते.

रकाने कुठे असतात, हे सॉफ्टवेअरप्रमाणे बदलते. क्यूबेसमध्ये डावीकडच्या इन्स्पेक्टरमध्ये 'मिडी मॉडिफायर्स' नावाचा कप्पा आहे. ट्रान्सपोज, व्हेलॉसिटी शिफ्ट, व्हेलॉसिटी कॉम्प्रेशन, लेंग्थ कॉम्प्रेशन, रँडम आणि रेंज हे सगळे त्यात सापडते. केकवॉकमध्ये 'की प्लस', 'व्हेल प्लस' आणि 'टाइम प्लस' असे आटोपशीर रकाने ट्रॅकवरच आहेत. लॉजिकमध्ये या सेटिंग्ज ट्रॅकऐवजी प्रामुख्याने रीजनला, म्हणजे ट्रॅकवरच्या एकेका तुकड्याला लागतात. हा फरक ध्यानात ठेवावा. नाही तर मुखड्याची पट्टी बदलते आणि अंतरा जुन्याच पट्टीत वाजतो. एबल्टन लाइव्हमध्ये वाद्याच्या आधी 'पिच' आणि 'व्हेलॉसिटी' ही मिडी इफेक्टची उपकरणे लावायची असतात. नावे वेगळी, काम तेच.

आता त्या मुलीच्या पट्टीकडे वळू. पेटीच्या पट्ट्या मोजताना पांढऱ्या-काळ्या सगळ्या धरायच्या. काळी एकपासून वर चढत गेले तर काळी पाच नवव्या घरात येते. खाली उतरत गेले तर तिसऱ्या. म्हणजे ट्रान्सपोजच्या रकान्यात अधिक नऊ लिहिले तरी काळी पाच मिळते आणि उणे तीन लिहिले तरीही. षड्ज दोन्हीकडे तोच, सप्तक तेवढे वेगळे. इथेच बहुतेकांचे चुकते. सगळ्या ट्रॅकना एकच आकडा दिला जातो आणि मग साथ एक तर किंचाळते, नाही तर घोगरी होते.

हार्मोनियमचा जो ट्रॅक गळ्याबरोबर चाल धरून चालतो, त्याला अधिक नऊ द्यावे, कारण मुलीचा षड्ज मुलाच्या षड्जाच्या खरोखरच नऊ घरे वर आहे. पेटीने त्याच जागी तिला आधार दिला पाहिजे. स्ट्रिंग्जचा भरणा मात्र उणे तीनवर जास्त उबदार राहतो. तो नऊ घरे चढवला तर गळ्याच्याच जागेत घुसतो आणि शब्द झाकतो. बासला उणे तीनच हवे, पण तिथे एक अडचण आहे. चार तारांच्या बास गिटारचा सर्वांत खालचा स्वर मिडीत २८ क्रमांकाचा. काळी एकमधला खालचा पंचम ३२ वर असतो. तीन घरे उतरून तो २९ वर येतो, म्हणजे तारेवर आहे. पण खालचा मध्यम ३० वरून २७ वर जातो, आणि तो स्वर त्या वाद्यावर मुळात नाहीच. सॉफ्टवेअर तो वाजवेलही, पण कानाला नुसती घरघर येईल. क्यूबेसमधल्या 'रेंज'मध्ये 'नोट लिमिट' निवडून खालची मर्यादा २८ ठेवली, की मर्यादेबाहेरचा स्वर आपोआप एक सप्तक वर जातो. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नसेल, तर ते दोन-चार स्वर हाताने वर उचलावेत. बासरीचे कानानेच ठरवावे. मधल्या म्युझिकमध्ये ती गळ्याबरोबर वाजत नाही, त्यामुळे जिथे तिचा आवाज फुंकेचा आणि गोड लागतो ते सप्तक निवडायला मोकळीक असते.

ढोलकीचा ट्रॅक मात्र हलवायचा नाही. तालवाद्याच्या ट्रॅकमध्ये प्रत्येक कळ म्हणजे वेगळा स्वर नसून वेगळा बोल असतो. जनरल मिडीच्या ड्रमसेटमध्ये ३६ म्हणजे बास ड्रम, ३८ म्हणजे स्नेअर, ४२ म्हणजे बंद हायहॅट. सगळे तीन घरे वर सरकले की बास ड्रमच्या जागी टाळी वाजते आणि स्नेअर व हायहॅटच्या जागी टॉम घुमू लागतात. ढोलकी-तबल्याच्या सॅम्पल लायब्ररीतही हेच: एका कळीवर 'ना', दुसरीवर 'धा', तिसरीवर 'गे'. म्हणून पूर्ण गाण्याची पट्टी एकाच जागेवरून बदलायची असेल, तर आधी तालवाद्यांचे ट्रॅक त्यातून वगळावेत. लॉजिकमध्ये ट्रॅकच्या इन्स्पेक्टरमध्ये 'नो ट्रान्सपोज'ची चौकट आहे. क्यूबेसमध्ये ग्लोबल ट्रान्सपोजपुढे 'इंडिपेंडंट' निवडता येते. तबल्याचा दायाँ नव्या षड्जाला मिळवायचा तर तो लायब्ररीतल्या ट्यूनिंगच्या गोल बटणाने मिळवावा, तबलजी हातोडीने मिळवतो तसा. सॅम्पल नऊ घरे वर ताणले तर चाटीचा आवाज डब्यासारखा येतो. उणे तीन चालते. त्यापलीकडे जायचे झाले, तर त्याच लायब्ररीत वरच्या पट्टीचा दुसरा तबला आहे का ते पाहावे.

अशीच एक छुपी अडचण मोठ्या स्ट्रिंग्ज लायब्ररींमध्ये असते. पियानो रोलमध्ये अगदी तळाशी काही स्वर दिसतात, जे ऐकू मात्र येत नाहीत. या 'की-स्विच' कळा असतात: एक दाबली की लांब गज, दुसरी दाबली की तुटक गज, तिसरी दाबली की बोटांनी छेडलेली तार. ट्रॅकला उणे तीन दिले की या कळाही तीन घरे खाली जातात आणि लांबवलेल्या स्ट्रिंग्जच्या जागी अचानक टिंग-टिंग सुरू होते. उपाय सोपा आहे. की-स्विच वेगळ्या ट्रॅकवर काढावेत, दोन्ही ट्रॅक त्याच वाद्याला जोडावेत आणि ट्रान्सपोज फक्त स्वरांच्या ट्रॅकला द्यावे.

एका गोष्टीने क्यूबेसमध्ये नवखा माणूस हमखास बुचकळ्यात पडतो. ट्रान्सपोज इन्स्पेक्टरमधून दिला, की कानाला नवी पट्टी येते. पण पियानो रोलमध्ये स्वर जुन्याच जागी दिसतात. ते बरोबरच आहे. डोळ्यांसमोर मूळ नोंद आहे, कानात तिचे बदललेले रूप. याचा विसर पडला, की माणूस 'दिसते ते चुकीचे' म्हणून स्वर हाताने सरकवतो आणि पट्टी दुप्पट बदलून बसते. म्हणून ट्रॅकच्या नावातच लिहून ठेवावे: 'पेटी +९', 'बास -३'. दोन सेकंदांचे काम आहे. सहा महिन्यांनी फाइल पुन्हा उघडली की त्याचे मोल कळते.

पट्टीनंतर आघात. मिडीत त्याला व्हेलॉसिटी म्हणतात, म्हणजे कळ किती वेगाने खाली गेली. हा आवाज लहान-मोठा करायचा आकडा आहे, असे समजणे ही सर्वांत पसरलेली चूक. चांगल्या लायब्ररीत ढोलकीची हलकी थाप आणि जोरकस थाप ही दोन वेगवेगळी ध्वनिमुद्रणे असतात, आणि कुठले वाजवायचे ते व्हेलॉसिटी ठरवते. ढोलकी मोठी वाटते म्हणून सगळ्या व्हेलॉसिटी तीसने उतरवल्या, तर ढोलकी लहान होतेच, शिवाय वादकाने हातातला जोर काढून घेतल्यासारखी मलूलही होते. ढोलकी फक्त मागे न्यायची असेल, तर तिचा फेडर खाली घ्यावा. व्हेलॉसिटीला हात लावायचा तो वाजवण्याचा पोत बदलायचा असेल तेव्हाच.

तो बदलायचा झाला, तर दोन रकाने एकत्र वापरावेत. समजा वाजवणाऱ्याचा हात फार वर-खाली गेला आहे: एक थाप ४० ची, एक ८० ची, एक १२० ची. नुसते अधिक तीस केले तर ७०, ११० आणि १५० व्हायला हवेत. पण १२७ च्या वर जागाच नाही, त्यामुळे तिसरी थाप १२७ ला टेकते. म्हणून आधी कॉम्प्रेशन निम्मे करावे, म्हणजे २०, ४०, ६० होते. मग शिफ्टमध्ये पन्नास मिळवावेत: ७०, ९०, ११०. चढ-उताराचा क्रम तोच राहिला, दऱ्या तेवढ्या उथळ झाल्या. उलट ट्रॅक फारच सपाट असेल, तर कॉम्प्रेशन दीडपट देऊन शिफ्ट उणे करावा. आकडे कानाने ठरतात. हिशोब एवढ्यासाठी करायचा, की कुठलीच थाप १२७ ला जाऊन आपटू नये. तिथे आपटलेल्या सगळ्या थापा एकसारख्या वाजतात आणि ढोलकी यंत्राची आहे हे पहिल्याच आवर्तनात उघड होते.

पेटीची गोष्ट आणखी वेगळी. खऱ्या पेटीवर कळ जोराने दाबली म्हणून आवाज वाढत नाही. तो वाढतो भात्याने. म्हणून पेटीच्या पुष्कळ सॅम्पल्समध्ये व्हेलॉसिटीचा फरकच पडत नाही. भात्याचे काम मिडीत ११ क्रमांकाचा कंट्रोलर करतो. त्याचे नाव एक्स्प्रेशन. ७ क्रमांकाचा कंट्रोलर व्हॉल्यूमचा, आणि दोघांमध्ये गल्लत करू नये. सात म्हणजे मंचावर वादकाला किती पुढे बसवले ते. गाण्याच्या सुरुवातीला एकदा ठरवावे. अकरा म्हणजे वादनातला श्वास. ओळीओळीला तो फुगतो आणि ओसरतो. ही शिस्त पाळली, की 'पेटी थोडी कमी करा' असे कोणी म्हटल्यावर फक्त सातचा आकडा उतरवायचा असतो, भात्याची नक्षी तशीच राहते. दोन्ही कामे सातवरच केली असतील, तर प्रत्येक चढ-उतार नव्याने रेखाटावा लागतो. शिवाय हा आकडा सरळ मापाचा नाही. जनरल मिडीच्या शिफारशीप्रमाणे व्हॉल्यूम १२७ वरून ६४ वर आणला, तर आवाज सुमारे १२ डेसिबलने उतरतो, आणि वाद्य पार मागे गेल्यासारखे वाटते. म्हणून पाच-पाचच्या पावलांनी चालावे.

वाद्यच भलते वाजत असेल, तर गोष्ट प्रोग्रॅम क्रमांकाची असते. १९९१ मध्ये ठरलेल्या जनरल मिडीने १२८ वाद्यांना क्रमांक दिले. त्यात आपली दोन वाद्ये आहेत: १०५ वर सतार आणि ११२ वर शहनाई. पेटी नाही, तिची जागा २१ क्रमांकाच्या रीड ऑर्गनवर भागवावी लागते. गोम अशी, की काही सॉफ्टवेअर १ ते १२८ मोजतात आणि काही ० ते १२७. त्यामुळे लग्नाच्या गाण्यात सनई म्हणून ११२ लिहिले आणि मोजणी शून्यापासून असली, तर मंगल सुरांऐवजी किणकिणती घंटा वाजते, कारण ती पुढच्या घरात बसली आहे. उलट दिशेने चुकले, तर फिडल वाजते. सतारीचा बँजो होतो, बासरीचा रेकॉर्डर होतो. वाद्य जवळचे पण भलतेच वाटले, की आधी एक मिळवून पाहावे आणि एक वजा करून पाहावे. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होते.

कोणीतरी पेनड्राइव्हवर दिलेली मिडी फाइल उघडली आणि सगळी वाद्ये एकाच ट्रॅकवर दाटीवाटीने दिसली, तर घाबरू नये. ती 'टाइप शून्य' जातीची फाइल असते. सोळाही चॅनेल एका ट्रॅकमध्ये असतात. क्यूबेसमध्ये 'डिझॉल्व्ह पार्ट' आणि लॉजिकमध्ये इव्हेंट चॅनेलप्रमाणे वेगळे करण्याची आज्ञा आहे. ती आधी चालवावी, मगच वरच्या कुठल्याही रकान्याला हात लावावा. दहावा चॅनेल तालवाद्यांचा, हे जनरल मिडीने ठरवलेले आहे, तेव्हा ट्रान्सपोजमधून त्याला बाहेर ठेवायचे.

मराठी गाण्याच्या साथीत मींड आली की पिच बेंड आलाच. बासरीवाला षड्जावरून शुद्ध रिषभावर घसरत गेला, म्हणजे दोन घरांची मींड. मिडीत पिच बेंडचे चाक ० ते १६३८३ एवढे बारीक मोजलेले असते आणि मधली विश्रांतीची जागा ८१९२. पण पूर्ण चाक फिरवले तर किती घरे चढायचे, हे त्या आकड्यात नसते; ते वाद्याकडे ठरलेले असते. बहुतेक ठिकाणी दोन घरे. काही सॉफ्ट-सिंथमध्ये मात्र ते बारा घरांवर ठेवलेले असते. मग दोन घरांची मींड पूर्ण सप्तक चढते आणि ऐकणारा दचकतो. ट्रॅकमधले बेंडचे वळण खोडत बसू नये. वाद्यातली बेंड रेंज दोनवर आणावी, नाही तर ट्रॅकच्या सुरुवातीला कंट्रोलर १०१ ला शून्य, १०० ला शून्य आणि ६ ला दोन असे याच क्रमाने लिहून ठेवावे. वाद्य ते ऐकून स्वतःला जुळवून घेते. ट्रान्सपोजचा बेंडवर काही परिणाम होत नाही, त्यामुळे मुलीच्या पट्टीतही बासरीची मींड तेवढीच राहते.

आता वेळ. स्ट्रिंग्ज नेहमी थोड्या उशिरा आल्यासारख्या वाटतात, आणि दोष वाजवणाऱ्याचा नसतो. सॅम्पलमध्ये गज तारेवर टेकून आवाज भरायलाच वेळ लागतो. आज्ञा समेवर सुटली, तरी आवाज समेनंतर भरतो. इथे ट्रॅक डिले कामाला येतो, तोही उणे आकड्यात. उणे वीस मिलिसेकंदांपासून सुरुवात करावी आणि दहा-दहाने पुढे जावे. ढोलकी आणि स्ट्रिंग्ज एवढेच ट्रॅक चालू ठेवून, डोळे मिटून समेकडे लक्ष द्यावे. स्ट्रिंग्ज घाई करताहेत असे वाटले, की दहा मागे यावे.

हा रकाना मिलिसेकंदांत आहे की टिक्समध्ये, ते मात्र आधी पाहून घ्यावे. क्यूबेस आणि लाइव्ह मिलिसेकंदांत मोजू देतात, केकवॉकमधला 'टाइम प्लस' टिक्समध्ये चालतो. एका मात्रेत ४८० टिक्स असतील आणि लय १२० ची असेल, तर एक टिक एक मिलिसेकंदाहून किंचित जास्त. लय ६० केली की तोच टिक दोन मिलिसेकंदांचा होतो. गज भरायला लागणारा वेळ लयीवर अवलंबून नसतो, म्हणून टिक्समध्ये दिलेला डिले लय बदलल्यावर चुकतो. सरावासाठी गाणे हळू चालवले आणि स्ट्रिंग्ज एकदम आधी आल्या, तर कारण बहुधा हेच. आणखी एक: गाणे पहिल्या मात्रेपासूनच सुरू होत असेल, तर त्याच्या आधी वाजायला जागाच नसते. सगळे गाणे दोन आवर्तने पुढे सरकवावे. सुरुवातीची शांतता पुढेही कामी येते.

क्वांटाइझबद्दल जरा थांबून लिहायला हवे, कारण तिथे गाण्याचा जीव जातो. क्वांटाइझ म्हणजे इकडेतिकडे पडलेले स्वर ठरलेल्या घरात ओढणे. शंभर टक्के ओढले, की ढोलकीचा ठेका घड्याळासारखा होतो आणि लावणीतला ठसका निघून जातो. वादक काही बोल मुद्दाम रेंगाळत वाजवतो, काही जरा पुढे ढकलतो. त्या सैलपणातच त्याचा हात ओळखू येतो. म्हणून 'स्ट्रेंथ'चा रकाना पन्नासच्या आसपास ठेवावा. घरापासून २४ मिलिसेकंद मागे पडलेला बोल मग १२ मिलिसेकंद मागे राहतो. चूक झाकली जाते, लकब राहते. लॉजिकमध्ये हे क्वांटाइझ रीजनच्या सेटिंगमध्येच असते आणि केव्हाही काढता येते. क्यूबेसमध्येही 'रिसेट क्वांटाइझ'ने स्वर मूळ जागी परत जातात.

दादऱ्याला तर घर निवडण्यातच घात होतो. गाणे चार-चारच्या मापात ठेवून एका मात्रेत तीन बोल वाजवले असतील, तर ते ४८० टिक्सच्या मात्रेत ०, १६० आणि ३२० वर पडतात. क्वांटाइझला सोळाव्या भागाचे घर दिले, तर तो १६० ला १२० वर ओढतो आणि ३२० ला ३६० वर. तिन्ही बोलांमधले समान अंतर जाते आणि दादरा लंगडायला लागतो. त्यासाठी ट्रिपलेटचे घर निवडावे, नाही तर गाण्याचे मापच सहा-आठचे ठेवावे. स्ट्रेंथ कितीही कमी केली, तरी घर चुकीचे असेल तर प्रत्येक बोल चुकीच्याच दिशेने जातो.

तालमीला बसल्यावर एक तक्रार हमखास येते. 'सुरुवातीपासून लावले की सगळे नीट वाजते, पण अंतऱ्यापासून लावले की स्ट्रिंग्ज कानठळ्या बसवतात.' कारण असे, की स्ट्रिंग्जचा व्हॉल्यूम उतरवण्याची आज्ञा मुखड्यात लिहिलेली आहे. प्लेबॅक अंतऱ्यापासून सुरू केला, की ती आज्ञा वाद्यापर्यंत पोचतच नाही. सिक्वेन्सरने मागे वळून आधीच्या आज्ञा गोळा कराव्यात, यासाठी 'चेस'ची सेटिंग असते. क्यूबेसमध्ये ती प्रेफरन्सेसमधल्या मिडीच्या पानावर आहे, लॉजिकमध्ये प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये. तिथे कंट्रोलर, प्रोग्रॅम चेंज आणि पिच बेंड हे तिन्ही चालू आहेत ना, ते पाहावे. लांब धरलेल्या तानपुऱ्याच्या स्वरांसाठी स्वरांचा चेसही चालू ठेवावा. नाही तर मधूनच लावल्यावर तानपुरा गप्प राहतो. मध्येच थांबवल्यावर एखादा स्वर लोंबकळत राहिला, तर 'रिसेट' किंवा 'पॅनिक' दाबावे. बहुतेक वेळा सस्टेन पेडल सुटल्याची आज्ञा, म्हणजे कंट्रोलर ६४ ला शून्य, पोचायची राहून गेलेली असते.

कीबोर्डवरून वाजवताना प्रत्येक स्वर जोडीने आल्यासारखा, फेज झाल्यासारखा ऐकू आला, तर ट्रॅकच्या सेटिंग्ज तपासत बसू नये. कीबोर्ड स्वतःही वाजतो आहे आणि संगणकाकडून परत आलेली आज्ञाही वाजवतो आहे. कीबोर्डच्या मेनूतला 'लोकल कंट्रोल' बंद करावा. घरी नुसता कीबोर्ड वाजवायला बसताना तो पुन्हा चालू करायला विसरू नये; 'कीबोर्ड बिघडला' म्हणून दुरुस्तीला नेण्याची वेळ येते ती अशानेच.

सगळे जुळले, मुलीने दोनदा गाऊन पाहिले, तिला वरचा पंचम सहज लागला. आता फाइल बाहेर काढायची. रकान्यांतले बदल वाजताना लागतात, फाइलमध्ये ते आपोआप लिहिले जातीलच असे नाही. मिडी फाइल एक्स्पोर्ट करून सभागृहातल्या कीबोर्डवर लावली आणि ती काळी एकमध्येच वाजली, असे होऊ शकते. म्हणून आधी प्रोजेक्ट नव्या नावाने साठवावा आणि त्या नव्या प्रतीत बदल कायम करावेत. क्यूबेसमध्ये 'फ्रीझ मिडी मॉडिफायर्स' ही आज्ञा रकान्यांतले आकडे स्वरांत उतरवते आणि रकाने शून्यावर आणते. लॉजिकमध्ये रीजनच्या सेटिंग्ज कायमच्या लागू करण्याची आज्ञा आहे. कायम केल्यानंतर रकाने खरोखर शून्यावर आले का, हे डोळ्यांनी पाहावे, नाही तर पट्टी दुसऱ्यांदा बदलते. मूळ प्रोजेक्टला हात लावू नये. मुलाचा घसा पुढच्या आठवड्यात सुटेल आणि त्याला त्याची काळी एक परत हवी असेल.

दुसऱ्याच्या कीबोर्डवर फाइल वाजायची असेल, तर सुरुवातीची ती शांतता आता उपयोगी पडते. त्या मोकळ्या जागेत प्रत्येक चॅनेलसाठी क्रमाने बँक, प्रोग्रॅम, व्हॉल्यूम, पॅन आणि बेंड रेंज या आज्ञा लिहाव्यात, आणि दोन आज्ञांमध्ये थोडे टिक्स मोकळे सोडावेत. पाच टोकांच्या जुन्या मिडी केबलमधून सेकंदाला ३१,२५० बिट्सच जातात. तीन बाइट्सच्या एका आज्ञेला जवळपास एक मिलिसेकंद लागतो. सोळा चॅनेलच्या पहिल्या चार प्रकारच्या आज्ञा म्हटल्या, तरी सुमारे ७० मिलिसेकंद जातात. हे सगळे समेवरच कोंबले, तर पहिली थाप उशिरा पडते किंवा ती भलत्याच वाद्यावर वाजते.

सोबत पेनड्राइव्हवर त्याच साथीची वेव्ह फाइल ठेवावी, फाइलच्या नावात 'काळी पाच' लिहून. आणि कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहात पोचल्यावर सगळ्यात आधी पेटीवर काळी पाच धरून, तिच्याबरोबर साथीची पहिली ओळ वाजवून घ्यावी.